शिंग, हात आणि कळ

देवळातील वाद्यांविषयी लिहावयास बसले की आपल्याकडे लेखणी प्रथम सनईकडे वळते, मग चौघड्याकडे. आणि शिंगाची आठवण झालीच तर ती एखाद्या ओळीपुरती होते. पालखीपुढे शिंग फुंकले गेले, एवढे म्हणून लेखक पुढे जातो. ज्याने ते फुंकले तो कोण, ते फुंकणे तो कोठे शिकला, आणि आज तो कोठे आहे, हे प्रश्न सहसा विचारले जात नाहीत. अलीकडे मात्र देवळांत विजेवर चालणारी वाद्ययंत्रे आली, तेव्हापासून ‘हाताचे वादन की यंत्राचे’ असा वाद ठिकठिकाणी ऐकू येतो. हा वाद आपण समजतो तितका नवा नाही. आणि आपण समजतो तितका सरळही नाही. त्याचा इतिहास पाहिला तर यंत्राला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्यापूर्वी आपली स्वतःची साक्ष घेणे भाग पडते, असे आमचे नम्र मत आहे.

या विचाराला निमित्त झाले ते मोहगाव. कोकणपट्टीतल्या आणि कारवार-मंगळूरकडील आमच्या वाचकांस मोहगाव कोठे, असा प्रश्न पडेल. सातपुड्याच्या दक्षिण उतारावर, नागपूरच्या उत्तरेस, सौसर आणि पांढुर्णा हे दोन मराठीभाषक तालुके आहेत. संत्र्याच्या बागांचा हा मुलूख. देवगडच्या गोंड राजांचा तो प्रांत अठराव्या शतकाच्या मध्यास नागपूरकर भोसल्यांच्या हाती आला. १८५३ च्या अखेरीस तिसरे रघूजी वारल्यावर इंग्रजांनी नागपूरचे राज्य खालसा केले, आणि हा भाग पुढे मध्यप्रांतात गेला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले आणि छिंदवाडा जिल्हा मध्यप्रदेशात राहिला. २०२३ साली त्याच छिंदवाड्यातून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा निघाला. राज्ये बदलली, जिल्हा बदलला, घरातली बोली मराठीच राहिली. सौसर तालुक्यातील मोहगाव हे अर्धनारीश्वर महादेवाच्या देवळासाठी पंचक्रोशीत प्रसिद्ध आहे.

याच भागातील एका लहान देवळात आम्ही सायंकाळच्या आरतीचे यंत्र पाहिले. गावाचे नाव सांगण्याचे कारण नाही. असे यंत्र आज गोव्यापासून काशीपर्यंत कोठेही दिसते. लोखंडी चौकटीत एक नगारा, एक घंटा आणि झांजेची जोडी बसविलेली. खाली विजेची मोटर. मोटरने आस फिरला की त्यावरील खुंट्या दांड्या उचलतात आणि सोडतात. दांडी नगाऱ्यावर पडते, लोळा घंटेवर पडतो, झांज झांजेवर आपटते. पुजारी कळ दाबतो आणि आरती सुरू करतो; आरती संपली की कळ वर करतो. फुंकण्याचे वाद्य मात्र या चौकटीत नाही. काठी उचलणे यंत्राला जमले, ओठ त्याला लावता आले नाहीत. म्हणून शंखाचा आणि शिंगाचा नाद तेथे ध्वनिमुद्रणातून आणावा लागतो. तो कर्ण्यातून येतो. आणि ‘कर्णा’ हे मुळात फुंकावयाच्या वाद्याचेच नाव असल्याने वाद्याचे नाव ध्वनिक्षेपकाकडे गेले आणि वाजविणारा नावाशिवाय राहिला.

नावांचा असाच घोटाळा कायद्याच्या आणि निवडणुकीच्या क्षेत्रातही झाला. २०२४ च्या फेब्रुवारीत निवडणूक आयोगाने महाराष्ट्रातील एका पक्षाला ‘तुतारी वाजवणारा माणूस’ हे चिन्ह दिले. अपक्षांसाठी मोकळ्या असलेल्या चिन्हांत ‘ट्रम्पेट’ होते आणि मराठी यादीत त्याचेही भाषांतर ‘तुतारी’ असेच झाले. त्याच वर्षीच्या लोकसभा निवडणुकीत सातारा मतदारसंघात विजयाचे अंतर ३२,७७१ मतांचे होते, आणि ट्रम्पेट घेतलेल्या अपक्षास ३७,०६२ मते पडली. कोणाचे मत चुकून कोठे गेले याचा पुरावा मतपेटीत मिळत नाही, आणि त्या राजकारणात शिरण्याचे आम्हांस प्रयोजन नाही. आमचे लक्ष वेधले ते एवढ्याच गोष्टीने, की एक वाद्य बाकदार, कळा नसलेले आणि केवळ ओठांच्या बळावर वाजणारे. दुसरे तीन कळांचे, कारखान्यात घडलेले. आणि दोहोंना आपल्या भाषेने एकच शब्द दिला होता. हाताचे आणि कळीचे शिंग यांतला भेद आपण बोलण्यातूनच पुसून टाकला असेल, तर तो देवळात टिकावा कसा?

तो भेद नेमका काय, हे प्रथम पाहू. शिंग, तुतारी, कर्णा, शंख ही सारी एकाच जातीची वाद्ये. त्यांना सनईसारखी पत्ती नाही आणि बासरीसारखी छिद्रे नाहीत. ओठ आवळून फुंकले म्हणजे ओठच थरथरतात आणि नळीतील हवेचा स्तंभ त्यांना साथ देतो. ही साथ मात्र प्रत्येक स्वराला मिळत नाही. नळीच्या मूळ कंपनसंख्येच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा ठरावीक पायऱ्यांवरच स्वर उभा राहतो. आपल्या भाषेत सांगावयाचे तर खालून वर जाताना षड्ज, मग पंचम, पुन्हा षड्ज, मग गंधार, पंचम, नंतर कोमल निषादाहूनही किंचित उतरलेला एक अडनिडा स्वर, आणि पुन्हा षड्ज. खालच्या भागात ऋषभ नाही, मध्यम नाही, धैवत नाही. आणखी वर गेले की पायऱ्या जवळ येतात. पण तेथेही मध्यमाच्या जागी जो स्वर मिळतो तो शुद्ध आणि तीव्र यांच्या मध्येच कोठेतरी अडकलेला. निसर्गाने शिंगाला एवढेच दिले. बाकीचे माणसाने मिळवावयाचे.

ते कसे मिळवावयाचे, यावर युरोपात दीडशे वर्षे विचार झाला. तेथील शिंग म्हणजे मुळात शिकाऱ्यांचे. पितळी नळीचा मोठा वेढा घालून ते गळ्यात अडकवीत. दरबारी वाद्यवृंदात ते आल्यावर सुरावटीतील गाळलेल्या जागा भरून काढणे आले. अठराव्या शतकाच्या मध्यास ड्रेस्डेनच्या दरबारातील आन्टोन योझेफ हाम्पेल या वादकाने उजवा हात शिंगाच्या रुंद तोंडात ठेवून स्वर उतरविण्याची पद्धत व्यवस्थित बांधली. हात थोडा आत सारला की स्वर खाली येतो, बाहेर घेतला की मोकळा होतो. बोटांच्या सांध्याएवढ्या हालचालीत अर्ध्या स्वराचा फरक पडतो. याने गाळलेले स्वर हाती आले, मात्र प्रत्येकाचा रंग निराळा: मोकळा स्वर उजळ, हाताने दाबलेला स्वर झाकलेला. उत्तम वादक या उजेड-सावलीचाच उपयोग करी. जोव्हान्नी पुन्टो या नावाने गाजलेल्या बोहेमियन वादकासाठी बेथोव्हेनने १८०० साली शिंग आणि पियानो यांची रचना केली, ती याच हाताच्या भरवशावर.

पुढे यंत्र आले. हाइन्रिख श्ट्योल्त्सेल आणि फ्रीड्रिख ब्ल्यूमेल या दोघांनी १८१८ साली प्रशियात झडपेच्या कळेचे एकस्व घेतले. कळ दाबली की नळीला जास्तीचा एक तुकडा जोडला जातो, नळी लांबते, आणि पायऱ्यांची सारी उतरंडच खाली सरकते. दोन-तीन कळांनी सगळे स्वर सारख्याच मोकळ्या रंगात मिळू लागले. आता हाताची कसरत हवी कशाला? असा प्रश्न विचारणारे होते, आणि हाताशिवाय शिंग कसले, असे विचारणारेही होते. पॅरिसच्या संगीत विद्यालयात १८३३ पासून कळेच्या शिंगाचा वर्ग होता. १८६४ साली तो बंद झाला आणि त्यानंतर बरीच वर्षे तेथे हाताचेच शिंग शिकविले गेले. १८६५ हे वर्ष तर या वादाचे जणू सुनावणीचे वर्ष ठरले. त्या वर्षी वाग्नरचे ‘ट्रिस्टान’ प्रथम रंगभूमीवर आले. कळेमुळे शिंगाच्या आवाजाचे काही सौंदर्य गेले हे मान्य, पण मिळालेला लाभ इतका मोठा आहे की हानी सोसावी आणि चांगल्या वादकांनी ती भरून काढावी, असे त्याने त्या रचनेच्या छापील प्रतीत आधीच नमूद केले होते. आणि त्याच १८६५ साली ब्राम्सने पियानो, व्हायोलिन आणि शिंग यांची त्रयी लिहिली. तीत मागितले ते कळेविना असलेले, हाताचे शिंग. लहानपणी तो स्वतः ते वाजविण्यास शिकला होता.

या वादाचा निकाल काय लागला? कळ जिंकली, हे तर उघड आहे. परंतु निकालपत्राचा उत्तरार्ध फारसा कोणी वाचत नाही. आजचा युरोपीय शिंगवादक डाव्या हाताने कळा दाबतो आणि उजवा हात अद्याप शिंगाच्या तोंडातच ठेवतो. स्वर बारीकसा चढवावयाचा, उतरवावयाचा, त्याचा रंग बदलावयाचा, हे काम अजून हाताचेच आहे. स्वर पूर्ण कोंडावयाचा असतो तेव्हा कोणी हाताने कोंडतो, कोणी त्यासाठी बनविलेले पितळी बूच लावतो. खालच्या स्वरांत हाताने तोंड नीट बंद होत नाही म्हणून बुचाची सोय बरी पडते. म्हणजे कळ आली, बूच आले, तरी हात गेला नाही. आणि महत्त्वाचे असे की वादक गेला नाही. ज्या खुर्चीवर तो बसत होता त्याच खुर्चीवर तो राहिला. यंत्राने त्याच्या हातात जास्तीचे स्वर दिले.

आता आपल्याकडे वळू. आपल्या शिंगाला कोणी कळा बसविल्या नाहीत. याचे कारण आपले कारागीर मागासलेले होते, असे काही लोक देतात. ते कारण आम्हांस पटत नाही. तांब्या-पितळेचा पत्रा वळवून दोन बाकदार तुकडे करावयाचे, एका तऱ्हेने जोडले तर चंद्रकोर व्हावी आणि दुसऱ्या तऱ्हेने जोडले तर नागमोडी वळण यावे, हे साधे काम नव्हे. कळा बसल्या नाहीत त्या आपल्या शिंगाला त्यांची गरज नव्हती म्हणून. युरोपीय शिंगाला सुरावट गावयाची होती; आपल्याकडे सुरावट सनईकडे होती. शिंगाचे काम वेळ सांगण्याचे, आगमन कळविण्याचे, आणि नगाऱ्याच्या लयीला धार लावण्याचे. केरळातील पंचवाद्य ज्यांनी ऐकले असेल त्यांस हे सांगावयास नको. तेथे तिमिला, मद्दळम्, इलत्ताळम् आणि इडक्का यांच्या सोबतीला कोम्बु नावाची शिंगे असतात. ती राग गात नाहीत, ती तालाचे बोल फुंकतात. कोम्बुवादकाला तीन-चार स्वर पुरतात. कारण त्याची विद्या स्वरसंख्येत नसून काळ साधण्यात आहे. राजस्थानातील बांकिया, हिमाचलातील रणसिंगा, गोमंतकातील बांक आणि आपले शिंग हे एकाच घराण्यातील भाऊ. भगवद्गीतेच्या पहिल्या अध्यायात शंख, भेरी यांच्याबरोबर गोमुखाचा उल्लेख येतो, तोही नादाने रणभूमी भरून टाकणाऱ्या वाद्यांच्या मालिकेत.

म्हणून मोहगावाकडील देवळातले यंत्र आणि श्ट्योल्त्सेलची कळ यांना एकाच मापाने मोजणे चूक आहे. त्या कळेने एका माणसाची अडचण सोडविली: त्याला स्वर कमी पडत होते. आपल्या यंत्राने सोडविली ती देवळाची अडचण: त्याला माणसे कमी पडत होती. कळेने वाद्य वाढविले. यंत्राने वाद्यात एका स्वराची भर घातली नाही. त्याने फक्त वाजविणाऱ्याची जागा भरली. तेव्हा खरा प्रश्न ‘यंत्र चांगले की हात चांगला’ हा नाही. खरा प्रश्न, ती जागा रिकामी का झाली, हा आहे.

येथे वकिलाच्या पेशाला शोभेल असे थोडे कागद पाहणे आवश्यक आहे. गावाच्या व्यवस्थेत सनई, डफडे आणि शिंग ही बहुधा ठरावीक जातींची कामे होती: कोठे गुरव, कोठे घडशी, कोठे न्हावी, आणि अनेक ठिकाणी मांग व महार. वाजविणे ही कला होती, त्याचबरोबर ते बंधनही होते. मोबदला म्हणून बलुते किंवा वतनाचा तुकडा मिळे. त्या तुकड्यासाठी वर्षाचे बारा महिने बोलावणे येईल तेव्हा हजर व्हावे लागे. मुंबई इलाख्यात ही सेवा १८७४ च्या वंशपरंपरागत वतनांच्या कायद्याने बांधलेली होती. डॉ. आंबेडकरांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलात त्या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले ते महार वतनाच्या याच जाचाविरुद्ध. कनिष्ठ ग्रामवतने नाहीशी करणारा मुंबईचा कायदा १९५८ चा. म्हणजे मधे तीस वर्षे गेली. मध्यप्रांताची पद्धत निराळी होती. तेथे गाव मालगुजाराचे, आणि उत्सवाचा यजमानही बहुधा तोच. १९५० च्या कायद्याने १९५१ साली मालगुजारी संपली. ती संपणे न्याय्यच होते. परंतु उत्सवातील वाजंत्र्यांना ज्या वाड्यातून शिधा मिळे तो वाडाही त्याबरोबर पडला, आणि त्याच्या जागी गावाने दुसरी व्यवस्था सर्वत्र उभी केली असे म्हणता येत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट उंबरठ्याची. ज्यांच्या फुंकीने देवाची पालखी उठे, त्यांतील अनेकांना त्या देवाच्या गाभाऱ्यासमोर उभे राहण्याची मुभा नव्हती. शिंग आत ऐकू जाई, शिंगवाला बाहेर राही. कायद्याने हे बंद केले ते फार उशिरा. मध्यप्रांत-वऱ्हाडचा मंदिरप्रवेशाचा कायदा १९४७ चा, मुंबईचाही १९४७ चा. पुढे राज्यघटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली आणि पंचविसाव्या कलमाने हिंदूंच्या सार्वजनिक धर्मसंस्था सर्व वर्गांच्या हिंदूंस खुल्या करण्याचा अधिकार शासनास दिला. या अधिकाराची कसोटी लागली ती आपल्याच वाचकवर्गाला जवळच्या अशा एका देवळावरून. दक्षिण कानडा जिल्ह्यातील मुल्की येथील श्री वेंकटरमण देवस्थान हे गौड सारस्वत समाजाचे. त्याच्या विश्वस्तांचा दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९५७ च्या नोव्हेंबरात निकाल झाला. देवस्थान विशिष्ट पंथाचे आहे हे न्यायालयाने मानले. काही विशिष्ट विधी त्या समाजापुरते राखून ठेवण्यासही मुभा दिली. परंतु दर्शनाचे दार सर्व हिंदूंना बंद ठेवता येणार नाही, असे स्पष्ट सांगितले. त्या निकालाकडे आमच्या वडीलधाऱ्या पिढीतील काहींनी पराभव म्हणून पाहिले. आम्हांस तो देवळाला आपल्या वाजंत्र्यांची ओळख करून देणारा निकाल वाटतो.

पण तोवर पुष्कळ वाजंत्री निघून गेले होते. मोहगावापासून नागपूर काही दूर नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी त्या नगरात डॉ. आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धर्म स्वीकारला. या चळवळीत गावकीची कामे सोडणे हा स्वाभिमानाचा भाग होता, आणि त्या कामांत सणासुदीला वाद्य वाजविण्याचे कामही होते. ज्या हातांनी ते वाद्य खाली ठेवले त्यांना परंपरेचे द्रोही म्हणणे हे इतिहासाचे अज्ञान होय. त्यांनी कला टाकली नाही. कलेला जोडलेला अपमान टाकला. दोन्ही एकत्र बांधून ठेवण्याचा अपराध त्यांचा नव्हता. यंत्र देवळात आले ते त्यानंतर. त्याने कोणाला हाकलले नाही. जी जागा आपण आधीच रिकामी करविली होती तिच्यावर ते येऊन बसले. हे सत्य कडू आहे, पण ‘यंत्राने आमची परंपरा बुडविली’ अशी फिर्याद घेऊन जो कोणी उभा राहील त्याला उलटतपासणीत हे कबूल करावे लागेल.

यावर कोणी म्हणेल की मग यंत्राविषयी तक्रार कशाला? लहान गावात एकटा पुजारी. मुले शहरात गेलेली. आरतीला घंटा वाजवायला चौथा माणूस नाही. तेथे त्या बिचाऱ्या चौकटीने देवासमोर नाद तरी ठेवला. हा आक्षेप खरा आहे, आणि आम्ही त्याची थट्टा करणार नाही. एकट्या पुजाऱ्याने कळ दाबली तर त्यात त्याचा काहीही दोष नाही. आमची तक्रार मोठ्या देवस्थानांकडे आहे, ज्यांच्या पेटीत पैसा आहे आणि आवारात माणसे आहेत, आणि तरीही जी सोयीसाठी यंत्र ठेवतात. तेथे जी हानी होते ती ऐकू येणाऱ्या नादाची तर आहेच. पण तिच्याहून मोठी हानी ऐकू येत नाही. ती अशी.

सनईच्या जोडीला एक सूर धरणारा असतो. गोमंतकात त्याच्या वाद्याला सूर्त म्हणतात. तो राग वाजवीत नाही. एकच स्वर, श्वास न तोडता, गालात हवा साठवून नाकाने आत घेत, अखंड धरून ठेवतो. ऐकणाऱ्याला हे काम क्षुद्र वाटते. परंतु शिकणारा मुलगा बसे तो याच जागी. काका किंवा वडील वाजवीत, तो शेजारी सूर धरी; आणि सूर धरता धरता त्याच्या कानात राग, बोटांत अर्धी झाकलेली छिद्रे आणि छातीत श्वासाचा हिशेब उतरे. देवळाचा सोपा हीच त्याची शाळा होती, आणि सूर धरणे हीच त्याची फी. आता विजेची सुरपेटी आली. ती स्वरात पक्की, थकत नाही, शिध्याला बसत नाही. तिने सनईवाल्याची मोठी सोय केली, हे आम्ही मान्य करतो. पण मुलाची बैठक तिने घेतली. शिंगाचीही गोष्ट तीच. ओठ कसे आवळावे हे पुस्तकात लिहिता येत नाही. ज्येष्ठाच्या पाठोपाठ पालखीपुढे चालताना, चुकीचा स्वर निघाला तर लोकांचे हसू सोसून, ते शिकावे लागते. ध्वनिमुद्रण चुकत नाही. म्हणूनच त्याच्याजवळ शिकण्यासारखे कोणाला काही मिळत नाही.

तेव्हा यंत्राचा निवाडा करताना आम्ही एकच कसोटी सुचवितो: हे साधन शिकणाऱ्याची जागा ठेवते की घेते? युरोपातील कळेने ती ठेवली, कारण कळ दाबण्यासही शिष्य लागतोच. आपल्या लग्नाच्या बँडमधील तीन कळांच्या कॉर्नेटने ती ठेवली. म्हणून आज गावोगावच्या बँडपथकांत मुलगे बापाच्या शेजारी उभे राहून वाजविताना दिसतात, आणि त्या वाद्याला परके म्हणून हिणविणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. घंटा-नगाऱ्याच्या चौकटीने मात्र ती घेतली. कसोटी वाद्य कोणत्या देशाचे, धातू कोणता, वीज लागते की नाही, ही नव्हे.

आवाजाच्या मोजमापाविषयी एक शब्द. हाताचे वादन पवित्र आणि ध्वनिक्षेपक तेवढा उपद्रवी, असे मानून कायद्याकडे जाणाऱ्यांची निराशा होईल. २००० साली सर्वोच्च न्यायालयाने एका चर्चच्या प्रकरणात सांगितले की ध्वनिक्षेपक लावून किंवा ढोल बडवून इतरांची शांतता मोडावी असे कोणताही धर्म सांगत नाही. त्याच वर्षीच्या ध्वनिप्रदूषण नियमांत पुढे जी दुरुस्ती झाली तीनुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत मोकळ्या जागेत ध्वनिक्षेपकाप्रमाणेच वाद्यालाही बंदी आहे. कायदा शिंगाला आणि कर्ण्याला एकच माप लावतो, आणि शेजाऱ्याच्या झोपेच्या दृष्टीने ते योग्यही आहे. म्हणजे हाताच्या वादनाचा कैवार न्यायालय घेणार नाही. तो देवस्थानांनाच घ्यावा लागेल.

तो कसा घ्यावा, हे सांगितल्याशिवाय लेख संपविणे म्हणजे नुसती तक्रार नोंदवून कचेरीतून बाहेर पडण्यासारखे होईल. प्रत्येक देवस्थानच्या जमाखर्चात यंत्राची किंमत आणि त्याची दुरुस्ती यांचा रकाना असतो. तेथे वाजंत्र्यांच्या मानधनाचाही रकाना असावा, आणि तो उत्सवापुरता नव्हे, महिन्याचा असावा. त्या कामासाठी माणूस निवडताना जात विचारू नये. ज्याला फुंकता येते किंवा शिकावयाचे आहे तो, मग तो कोणत्याही घरचा असो, आणि ती मुलगी असली तरी तिला नाकारू नये. वादकाची बैठक सोप्याच्या कोपऱ्यात नव्हे तर देवासमोर असावी, आणि प्रसाद वाटताना त्याचा हात पहिल्या हातांत असावा. आणि प्रत्येक वादकाच्या शेजारी एक जागा शिकणाऱ्यासाठी राखून ठेवावी. सुरपेटी घरच्या सरावाला चालेल, देवळात सूर मुलानेच धरावा. यातले काहीही फार खर्चाचे नाही. ज्या देवळाला विजेचे बिल भरता येते त्याला एवढे झेपते.

मोहगावाकडील ज्या लहान देवळाचा उल्लेख आम्ही वर केला तेथे हे सारे उद्याच घडेल अशी आमची अपेक्षा नाही. तेथे यंत्र आहे, ते राहू द्यावे. परंतु सोमवारी, किंवा निदान महाशिवरात्रीला, कळ वर ठेवून घंटेची दोरी एखाद्या पोराच्या हाती द्यावयास काय हरकत आहे? त्याचा ठेका चुकेल. एखादा ठोका आरतीच्या पुढे जाईल, एखादा मागे राहील, आणि पुजारीबुवा डोळे वटारतील. पुढच्या सोमवारी तो थोडा कमी चुकेल.